साष्टीबाईची ओटी

रविवार, १ डिसेंबर

आज नव्या घरात आलेले सामान व झालेला खर्च:

टेम्पो, लालबाग ते घाटकोपर, हमालीसह — ४,२०० (पाच सांगत होता)
पडद्याचे कापड, कटपीस — ३१०
झेंडूचे तोरण — ६०
दूध अर्धा लिटर, उतू घालायला — ३४ (उतू गेले ते थोडेच, उरलेल्याची खीर केली)
चौकट एक, सागवानी, काचेसकट, आत जुना नकाशा — ३५०

चौकट महाग नाही. हे विक्रोळीला ज्या कंपनीत स्टोअर सांभाळतात, तिथल्या साहेबाच्या जुन्या बंगल्यातलं सामान मोडीत काढलं. मार्गशीर्षातल्या महालक्ष्मीच्या तसबिरीला मला चौकट हवीच होती. बाजारात अशी दोन हजारांच्या खाली मिळत नाही. आतला कागद काढून टाकायचा, एवढंच.

घर छान आहे. नववा मजला, लिफ्ट, नळाला दिवसभर पाणी. चाळीतल्या बायका म्हणाल्या होत्या, मालन, आता तू मुंबईबाहेर गेलीस गं. म्हणोत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते, तिवरं दिसतात आणि त्यापलीकडे ट्रॉम्ब्याचा डोंगर. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोळीवाड्यात आमची श्रुतिका राहते. हे घर पसंत करताना मी खिडकीबद्दल काही बोलले नाही. हेही नाही.

दूध उतू गेलं ते पूर्वेला. शुभ असतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

कागद काढायला बसले आणि हात थांबला. नकाशा म्हणावा तर त्यात बाई आहे. अंग दुमडून बसलेली, पाठ समुद्राकडे, तोंड ठाण्याच्या बाजूला. केस सुटलेले, केसांत झाडंच झाडं. एक हात मांडीवर, दुसरा पुढे केलेला. आणि त्या हाताच्या पुढे, मध्ये निळ्या पाण्याची पट्टी सोडून, एक लेकरू. आपल्याकडे पाठ करून बसलेलं. माझं बोट त्या पट्टीत बरोबर मावतं.

शेजारची अनुपमा शाळेत भूगोल शिकवते. चहाला बोलावलं तर नकाशापुढून हलेना. म्हणाली, पूर्वी साहेब लोक अशी चित्रं काढायचे, कुठल्या देशाचा सिंह करायचे, अख्ख्या युरोपची राणी केली होती. ही आपली साष्टी आहे, मुंबईच्या वरचं बेट, म्हणजे ही सगळी उपनगरं. बोरिवली केसांत, मुलुंड गळ्याशी, अंधेरी कमरेला, आपलं घाटकोपर तळहातावर. ट्रॉम्बे तेव्हा वेगळं बेट होतं, म्हणून ते लेकरू वेगळं काढलंय.

“काकू, अख्खं सबर्बन भिंतीवर टांगलंत. ह्याचा मेंटेनन्स सोसायटी किती लावणार?” म्हणाली. हसून हसून ठसका लागला. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, अंधेरी कंबर आहे होय, म्हणूनच तिथे कायम धरलेलं असतं. पुष्कळ दिवसांनी हे असे बोलले.

बाईच्या कपाळावर कुंकू नाही. बाईमाणसाचं चित्र कचऱ्यात टाकणं माझ्याच्याने होणार नाही. राहू दे. महालक्ष्मीची तसबीर नुसती खिळ्याला टांगते.

गुरुवार, ५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, पोथी वाचली. ओटी भरायला सवाष्ण मिळेना. अनुपमा शाळेत, बाकी कोणाची ओळख नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारातूनच हात जोडले. उपास सोडण्याची वेळ आली, तेव्हा भिंतीवरच्या बाईकडे लक्ष गेलं. जमीन म्हणजे देवताच. गावी आपण सीमेवरच्या दगडाचीही ओटी भरतो. हिच्या तर जिवावर आपण राहतो.

स्टूल ठेवून काच पुसली, हळदकुंकू लावलं. खाली ताटात तांदूळ, नारळ, खणाचा उरलेला तुकडा, गूळ. मग गाऱ्हाणं घातलं. बाय माझे साष्टीबाई, तुझं लेकरू पाण्यापलीकडे, माझंही पाण्यापलीकडे. तुला ठाऊक आहे ते माझ्या घरच्यांना ठाऊक नाही. माझ्या श्रुतिकेला आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं लागतं. आण तिला आईजवळ.

इथे लिहून ठेवते, कारण बोलायला कोणी नाही. श्रुतिकेची सुपारी दुसरीकडे फुटली होती आणि ती निमेशबरोबर निघून गेली. त्या दिवशी ह्यांनी देव्हाऱ्यातल्या नारळावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली, फोन करणार नाही, तिच्या दारात पाय ठेवणार नाही. मी घेतली. पत्राचं नाव ह्यांनी घेतलं नाही. मी कार्डं टाकते. कार्ड उघडंच असतं, त्यात चोरी नाही. ती पोस्टाने उत्तर देते, हे कामावर असताना येतं; इथला पत्ताही तिला कळवलाय.

आज कार्डात लिहिलं, खिडकीतून तुझा डोंगर दिसतो, दिव्याच्या वेळी मी तिथे उभी असते.

रविवार, ८ डिसेंबर

ओटीतले तांदूळ शिजवायला घेतले, प्रसाद म्हणून. हातात घेतले तर वजन नाही. दाणा तसाच, पांढरा, पण चिमटीत दाबला की टरफलासारखा चुरा होतो. चव खारट. सगळे फेकावे लागले, अर्धा किलो.

नारळ हलवला, पाणी वाजेना. हे म्हणाले, नासका दिला तुला. फोडला तर आत खोबरंच नाही. करवंटीला आतून काळा गाळ बसलेला, खाडीच्या चिखलाचा वास. माझ्या आईने असा नारळ पाहिला असता तर दिवसभर तोंडात पाणी घेतलं नसतं.

दुकानदार बदलते.

आणखी एक. नकाशातल्या निळ्या पट्टीत बोट मावत नाही. करंगळी मावते. इथली हवा खाऱ्या पाण्यावरची, कागद फुगला असेल.

गुरुवार, १२ डिसेंबर

दुसरा गुरुवार. मन आज भरून आलंय, कसं लिहू.

हात पुढे सरकलाय. साष्टीबाईचा. करंगळीही मावत नाही आता, उदबत्तीची काडी मावेल एवढंच पाणी राहिलंय. आणि लेकराने मान वळवली आहे. परवापर्यंत नुसती पाठ होती, आज कान दिसतो. डाव्या कानाची पाळी फाटून जुळलेली. श्रुतिका पहिलीत असताना टॉवेलमध्ये बाळी अडकली आणि कान असाच फाटला होता. मी पदर लावून दवाखान्यापर्यंत पळाले होते. तीच खूण.

हा कौल आहे. माझं गाऱ्हाणं पोचलं. पोर घरी येणार. पुन्हा ओटी भरली, ह्या खेपेला अख्खा खण, खर्चाचा विचार केला नाही. ह्यांच्यासाठी केलेला शिराही नैवेद्याला ठेवला.

बाळाची झबली शिवायला घेतली. ह्यांच्या जुन्या मलमलच्या सदऱ्यातून तीन निघतील.

सोमवार, १६ डिसेंबर

श्रुतिकेचं पत्र आलं. आधी घरचं. सासू सगुणाताई जीव लावतात, सुकट विकून आल्या की आधी हिच्या पायाला तेल लावतात, म्हणतात, तुझ्या आईने पाठवलीच नाही ना डिंकाची लाडवं, मग मीच वळते. निमेश होडीवर न जाता आता टेम्पोवर जातो, घरी लवकर यायला मिळतं म्हणून. मग हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

“आई, तू रोज दुपारी खाडीच्या अंगाने हाक मारतेस. मी धक्क्यापर्यंत येते. तूच शिकवलंस, परक्याच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, आईच्या पहिल्या हाकेला द्यावी. मी देते ओ. पण तू कुठे दिसत नाहीस, नुसता चिखल असतो. बाबांच्या भीतीने लपतेस का? ये तरी, नाहीतर हाक मारू नकोस. मला नंतर फार रडू येतं.”

मी हाक मारलेली नाही.

दुपारी मी झोपत नाही. झबली शिवत बसते. ह्या घरातून बाहेर पडते ती भाजीपुरती.

लगेच कार्ड टाकलं. ती मी नव्हे. धक्क्यावर जाऊ नकोस. पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे, जवळच तर आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

तिसरा गुरुवार. शाळेला सुट्टी होती म्हणून अनुपमा हळदकुंकवाला आली. तिची ओटी भरली. उठताना तिने पदरातले चार दाणे काढून माझ्या ताटात परत टाकले. चेहऱ्यावर काही नाही, आपली सवयीने. मी बघत राहिले. ती म्हणाली, “असं करतात ना काकू? देणारीची ओटी रिकामी राहू नये म्हणून. आई ओरडायची विसरले की.”

असंच करतात. मी जन्मभर केलंय. देवळात गुरव परत देतो, सवाष्ण परत देते, लेक सासरी निघताना उंबऱ्याशी टाकून जाते.

साष्टीबाईने काही परत दिलं नाही. तिच्यापुढे भरलं आणि मी हात जोडून बाजूला झाले. दोनदा. एक दाणा मागे आला नाही. जे होतं त्याच्यातलंही गेलं, तांदळातलं, नारळातलं.

माझ्या ओटीत एकच आहे. ती एकच.

अनुपमा गेल्यावर नकाशाकडे पाहिलं. पाणी आता रेघेएवढं. मी आजवर त्या बाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं, हाताकडेच बघत होते. ती माझ्यासारखी रडत नाहीये. ती भुकेली आहे. किती वर्षांची कोण जाणे. तिचं लेकरू वेगळं काढलं त्या दिवसापासूनची.

मी तिला माझ्या लेकीचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. महिना सांगितला.

शनिवार, २१ डिसेंबर

चौकटीखाली रिकामं ताट ठेवलं. दोन दिवस झाले. पदर पसरून मागितलं, चार दाणे टाक बाई, दोन टाक, एक टाक. काही नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. पत्रांचंसुद्धा. वाटलं ओरडतील. हे उठून नकाशापाशी गेले, चष्मा लावला, कानाच्या त्या पाळीकडे बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी दवाखान्यात पोरीला ह्यांनीच धरलं होतं, मला टाके बघवेनात. मग म्हणाले, “उतरव तो.”

उतरेना. चौकटीच्या मागे भिंत ओली झालीय, लाकूड गिलाव्यात रुतलंय. हात काळे झाले, तोच वास. हे हातोडी घेऊन आले. मी आडवी आले. काच फोडायची तर आत पोर आहे. जाळायचा तर आत पोर आहे. हात कापायचा म्हटलं तर कात्री कुठे थांबवू, पाण्याला जागाच नाही.

हे खाली बसले. म्हणाले, मी जाऊन आणतो तिला. मग म्हणाले, कुठल्या तोंडाने जाऊ. आणि मग तसेच बसून राहिले, हातोडी मांडीवर.

मंगळवार, २४ डिसेंबर

श्रुतिकेचं कार्ड. माझं तिला मिळालेलं दिसत नाही. चारच ओळी.

“आई, काल अगदी जवळून हाक मारलीस. पाणी ओसरलं की वाट दिसते म्हणालीस. बाबा चिडलेले नाहीत म्हणालीस. खरं ना?”

मी ह्यांच्यापुढे कार्ड धरलं. ह्यांनी वाचलं आणि फोन काढून नंबर लावला. पोरीचा जुना नंबर. तो आता कोणा दुसऱ्याचा आहे.

निमेशचा नंबर आमच्याकडे कधी नव्हताच. घ्यायचाच नव्हता.

उद्या सकाळी जातो म्हणाले. दाढीचं सामान काढून ठेवलंय, नवा शर्ट काढलाय. जावयाकडे पहिल्यांदा जायचं तर.

बुधवार, २५

भिंतीवरच्या लेकराने पूर्ण मान वळवली. अजून डोळे मिटलेले आहेत.

हे सकाळी निघाले आणि लिफ्टमध्येच छातीत कळ आली. वॉचमनने वर आणून बसवलं. डॉक्टर म्हणाले, आज हलू नका. हे ऐकेनात, मीच दार लावून घेतलं. मीच. मीच म्हणाले, एक दिवस थांबा.

मी जायला निघाले तर शपथ आठवली. नारळावरची शपथ मोडली आणि ती पोरीवर उलटली तर — उंबऱ्यात उभी राहून परत आले. देवाला भ्यायले. कोणाला भ्यायला हवं होतं ते कळलं नाही.

गुरुवार, २६

उद्यापन. घट हलवला नाही.

नारळावर हात ठेवून क्षमा मागितली, शपथ मोडते म्हणाले. अनुपमाने तिच्या ओळखीतून, त्यांच्या शाळेतली एक मुलगी कोळीवाड्यातली, सगुणाताईंचा नंबर मिळवला. तिच्याच फोनवरून लावला. विहिणीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मोठा, हसरा, मागे मासळीबाजाराचा गलका. मी नाव सांगितलं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“अगं बाय, पोचली ना पोर?”

सकाळी ओहोटीला निघाली म्हणे. बॅग भरून. धक्क्यावर आई आलीय, पहिलं बाळंतपण माहेरी, बाबांचा राग गेला. सगुणाताईंनी डिंकाचे लाडू बांधून दिले. निमेश टेम्पोवर गेला होता, त्यालाही ती फोनवर सांगून निघाली. धक्क्यापर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाली, आई लाजेल.

म्हणाल्या, एवढी हसत होती, लग्नातही हसली नाही तेवढी.

फोन माझ्या हातून अनुपमाने घेतला.

हे गेलेत ट्रॉम्ब्याला. छातीला हात लावून गेले. घरातला फोन त्यांच्याकडे. मला म्हणाले, तू इथेच थांब. आली तर दार उघडायला कोणी तरी हवं.

शुक्रवार

कोणी आलं नाही.

खिडकीतून चिखलावर होड्या दिसतात. माणसं वाकून चालतायत.

अनुपमा तिच्या गावी गेली. नाताळची सुट्टी. जाताना माझ्याकडे बघवेना तिला.

रेघ नाही. पाणी नाही नकाशात. लेकरू मांडीत आहे. हात त्याच्यावरून — आमचं घाटकोपर ज्या तळहातावर ते आता त्याच्या पाठीखाली.

डोळे उघडले. श्रुतिकेचे.

पोटापाशी तिने हात धरलाय, तसा धरतात आठव्यात —

ताटात काही नाही. अजून रिकामं.

शनिवार असावा

दुपार. ऊन भिंतीवर आहे, सगळं स्वच्छ दिसतंय.

भिंतीतून हाक आली. “आई.”

एकदाच.

मी तोंडावर पदर दाबला. परक्याच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. आईच्या हाकेला द्यावी. लेकीच्या हाकेचं मला कोणी काही शिकवलं नाही.

ओ दिली की काय होतं, तिला विचारायला हवं. तिने दिली होती.

शेवटचं एक कार्ड आहे. आधी इथे कच्चं लिहिते, खाडाखोड झाली तर कार्ड वाया जाईल —

सौ. सगुणाताई यांस, मालनचा नमस्कार. तुमच्या लाडवांचे उपकार कसे फेडू. एक विचारायचं आहे, जास्त नाही. माझी पोर सापडून तुमच्या घरी असेल तर इथली हाक तिची नाही, मग मी ओ देणार नाही, तोंड दाबून बसेन. आणि ती तुमच्याकडे नसेल तर ही तिचीच आहे, आणि ती तिथे एकटी आहे, आणि आई असून मी गप्प —

पुन्हा आली. दुसरी.

रडतेय ती.

सगुणाताई, लांब लिहू नका. आहे किंवा नाही, एवढंच. हे तिथे भेटले तर त्यांना म्हणावं दार उघडं आहे. तिसरीपर्यंत मी थांबते, त्याच्यापुढे माझ्याने — आहे की नाही, एक अक्षर, तुमच्या पाया पडते, उलटटपाली कळवा, उलटटपा